पाणी टाकून ये

“…मग लिहायचं तरी किती, भन्तेजी? एक ओळ लिहिली तर तिनं घात केला. चाळीस पानं लिहिली तर कामच बंद पडलं. दोन्हींच्या मध्ये थांबायचं कुठं?”

भन्ते नंदिय जेवत होते. जेवताना ते बोलत नसत. त्यांनी पात्रातला भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि सावकाश खाल्ला.

उत्पला रणपिसेला त्यांची ही रीत चांगली ठाऊक होती. लहानपणी उन्हाळी धम्म शिबिरात तिनं याच विहाराच्या ओट्यावर बसून पाठांतर केलं होतं. पण आज तिच्याकडे धीर नव्हता. संध्याकाळपर्यंत तिला एक मजकूर पुण्याला पाठवायचा होता, आणि तो कसा लिहावा हेच तिला कळेनासं झालं होतं.

विहार टेकडीवर होता. खाली तालुक्याचं गाव आणि गावाच्या कडेला एक पांढरी इमारत, डायलिसिस केंद्राची. खरं तर उत्पला सकाळी बसमधून उतरली ती त्या इमारतीत जायला. रिक्षातही तेच सांगून बसली. इमारत दिसू लागली तेव्हा मात्र ती रिक्षावाल्याला म्हणाली, “दादा, टेकडीवर घ्या.”

तिथं जायला ती का घाबरली, ते सांगायला हवं.

उत्पला पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. ऑफिसातली रोजची ठरावीक कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवी. अमक्या वेळी तमक्याला निरोप जावा, असं एकदा लावून दिलं की ते रोज बिनबोभाट होई. अशा प्रत्येक लावून दिलेल्या कामाला ते वर्कफ्लो म्हणत. आता त्यात एआयचे एजंटही आले होते. माणसानं नुसतं सांगावं आणि एजंटानं हाताशी दिलेली साधनं वापरून काम उरकावं, अशी योजना होती.

पण कुठलं साधन कशासाठी आहे, हे एजंटाला कळणार कसं? त्याला कुणीतरी लिहून द्यावं लागतं. हे लिहिणं उत्पलाचं काम.

आणि आपल्या वाक्यांचा तिला भारी अभिमान होता. असावाही, कारण तिच्यासारखं नेमकं लिहिणारं कंपनीत दुसरं कुणी नव्हतं. पाल्हाळ म्हटलं की ती नाक मुरडी. वर्कफ्लो कायमचा काढून टाकणारं साधन तयार झालं, तेव्हा तिनं त्याची माहिती एका ओळीत बसवली. ‘हे साधन दिलेला वर्कफ्लो कायमचा काढून टाकतं.’ वरिष्ठांनी ती ओळ नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवली होती.

खालच्या डायलिसिस केंद्रात हेच सॉफ्टवेअर होतं. रोज पहाटे रुग्णांना त्यातून फोन जाई, की आज तुमची पाळी आहे, या. तिथल्या कारकुनानं एक दिवस एजंटाला सांगितलं, जुना पसारा झालाय, नको ते काढून टाक. एजंटानं पाहिलं. ‘ट्रायल कॉपी’ नावाचा एक वर्कफ्लो होता. वर्षभरात त्यात कुणी काही बदललेलं नव्हतं. नावावरून तर तो सरळसरळ टाकाऊच होता.

पहाटेचे फोन नेमके त्यातूनच जात होते. कुणीतरी कधी तरी चाचणीसाठी नक्कल केली, ती बरी चालली, तीच चालू ठेवली आणि नाव बदलायचं राहून गेलं. असं नाव राहून न गेलेलं ऑफिस दाखवा आणि बक्षीस घ्या.

एजंटानं त्याच्यापुढची ओळ वाचली आणि वर्कफ्लो कायमचा काढून टाकला. सुक्याबरोबर ओलंही गेलं.

बहुतेक रुग्ण सवयीनं आले. अनसूया थोरात नावाची म्हातारी आली नाही. तिची सून फोन आला की शेजारची रिक्षा ठरवायची. फोन आला नाही म्हणून पाळी पुढं गेली असेल असं घरात वाटलं, एवढंच अहवालात होतं. म्हातारीच्या छातीत पाणी भरलं, श्वास लागला, आणि तिला रात्रीतून मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं. जीव वाचला, पण थोडक्यात.

कंपनीत बैठक झाली. नाव चुकीचं ठेवलं ते केंद्रानं, सांगितलं ते कारकुनानं, काढलं ते एजंटानं. उत्पलाही बोलली होती. “वाक्य बरोबर आहे,” ती म्हणाली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

मग ती जागेवर येऊन बसली आणि तीच ओळ पुन्हा उघडून वाचत राहिली.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. उत्पलानं मग चाळीस पानं लिहिली. हे करू नकोस, ते बघ, याची खात्री कर, त्याची परवानगी घे. चाचणीत एजंटानं ती चाळीस पानं इमानानं पाळली. रिकामी, निरुपयोगी गोष्ट काढतानाही तो दहादा विचारी. विचारणा इतक्या आल्या, की चाचणी घेणारा माणूस वैतागून न वाचताच हो, हो, सगळ्याला हो म्हणत सुटला. म्हणजे पहिल्यापेक्षा वाईट झालं.

आता ते साधन उद्यापासून सगळ्या गिऱ्हाइकांसाठी खुलं होणार होतं. त्यात शाळा होत्या, दवाखाने होते, रक्तपेढ्या होत्या. आज मजकूर चुकला, तर पुढच्या अनसूयाबाईचं नाव काय असेल, कोण जाणे.

हे सगळं तिनं भन्तेंना सांगून झालं होतं. वर तो प्रश्न विचारून झाला होता. आणि भन्ते वरणभाकरी खात होते.

त्यांचं जेवण आटोपलं. त्यांनी पात्रात पाणी घेतलं, बोटांनी पात्र आतून निपटलं आणि ते खरकटं पाणी एका पातेल्यात ओतलं. ताटवाट्यांचं पाणीही त्यातच गेलं. मीठमिरचीचं तांबूस पाणी, त्यात भाकरीचे बारके तुकडे.

पातेलं तिच्यापुढं सरकवून ते म्हणाले, “हे पाणी टाकून ये.”

“भन्तेजी, माझा प्रश्न…”

“आधी पाणी.”

उत्पला उठली. मनात म्हणाली, ठीक आहे, ही परीक्षा असेल तर मी पास आहे. खरकटं पाणी कुठं टाकायचं, याचा भिक्खूंचा नियम तिला शिबिरापासून पाठ होता. हिरव्यावर टाकायचं नाही, आणि जीव असतील अशा पाण्यात टाकायचं नाही. शिबिरातल्या दोनच गोष्टी तिला लख्ख आठवत. एक हा नियम. दुसरी संघाची रीत. संघापुढं काही ठरवायचं असलं की ते मोठ्यानं मांडतात, पुन्हापुन्हा मांडतात. ज्याला मान्य नाही त्यानं बोलायचं. कुणी बोललं नाही तर मौन हाच होकार.

डावीकडे बोधिवृक्षाखाली हिरवळ होती. तिथं नाही. उजवीकडे हौद होता आणि हौदात मासे होते. तिथंही नाही. समोर उघडाबोडका मुरूम पसरलेला होता. गवताची काडी नाही, पाण्याचा थेंब नाही, नुसते उन्हात तापलेले खडे. ती ऐटीत तिकडं निघाली.

डोक्यावर एक टिटवी ओरडू लागली. घिरट्या घालत, खाली झेपावत, पुन्हा वर जात ओरडू लागली. टिटवीचं ओरडणं अशुभ, असं तिची आत्या म्हणायची. उत्पलानं मान खाली घातली, आणखी चार पावलं टाकली आणि पातेलं कलतं केलं.

“थांब.”

भन्ते कधी आवाज चढवत नसत. आज चढवला. पातेलं तिच्या हातात तसंच कलतं राहिलं.

ते चालत आले आणि तिच्या पायांपाशी उकिडवे बसले.

“काय दिसतंय?”

“मुरूम आहे. खडे.”

“बघ.”

तिनं पाहिलं.

“खडेच आहेत, भन्तेजी.”

“बघ…”

ती खाली बसली. टिटवी तिच्या कानावरून ओरडत गेली. खडे, खडे, खडे… आणि त्यांतले चार खडे एकमेकांकडे टोकं करून बसलेले. मातकट, काळ्या ठिपक्यांचे. तिच्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर.

टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर अंडी घालते, आणि ती अंडी खड्यांत खडा होऊन राहतात.

“इथं खरकटं पडलं असतं,” भन्ते म्हणाले, “तर घटकाभरात मुंग्या. मग कावळे.”

 उत्पलानं पातेलं सरळ केलं आणि ती उलट्या पावलांनी मागं आली. दोघं ओट्यावर परतली. तिनं पातेलं जपून पायरीवर ठेवलं. पण अभिमान असा सहजासहजी मरत नाही.

“मी नियम पाळला होता, भन्तेजी. हिरव्यावर टाकत नव्हते. पाण्यातही नाही.”

“नियम बरोबर आहे.”

“मग माझी चूक काय झाली?”

“तुझी नाही.” भन्तेंनी चिवराचं टोक खांद्यावर घेतलं. “चूक माझी झाली. मला अंडी ठाऊक होती, आणि मी नुसतं टाकून ये म्हणालो.”

…

खालून गावातल्या पिठाच्या गिरणीचा आवाज येत होता. उत्पला त्या आवाजाच्या दिशेनं बघत बसली. भन्तेंनी किती सहज म्हटलं ते. तेवढंच एक वाक्य भरल्या बैठकीत तिच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि त्यानंतरही इतक्या दिवसांत निघालं नव्हतं. तिला एकदम रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही.

“माझं वाक्य बरोबर नव्हतं,” ती म्हणाली.

भन्तेंनी तिची समजूत काढली नाही. तिला रडू दिलं. मग विचारलं, “ती बाई कशी आहे?”

“अहवालात धोक्याबाहेर लिहिलंय.”

“अहवाल कसा आहे, ते नाही विचारलं.”

उत्पला पायरीवरच्या पातेल्याकडे बघू लागली.

“टिटवी ओरडत होती, तेव्हा काय केलंस?”

“…मान खाली घातली.”

भन्ते उठले आणि एका मातीच्या परळात हौदातलं स्वच्छ पाणी भरून ते मुरमाच्या कडेला, सावलीत ठेवून आले. टिटवी जरा वेळ लांबून बघत राहिली. मग आली, पाण्यात उतरली, पोटाची पिसं भिजवली आणि तशीच ओल्या पोटानं तापलेल्या अंड्यांवर जाऊन बसली.

उत्पलानं डोळे पुसले आणि पिशवीतून लॅपटॉप काढला.

पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं ते हे, की एजंटानं वर्कफ्लो शेवटचा कधी बदलला ते पाहिलं होतं. शेवटचा कधी चालला, ते पाहिलंच नव्हतं. तो तर त्याच दिवशी पहाटे चालला होता. दुसरं असं, की वर्कफ्लो न काढता नुसता बंद करून ठेवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होती. पण ते साधन वेगळं, म्हणून या साधनाच्या माहितीत तिनं त्याचा उल्लेख केला नव्हता. एक ओळ वाढली असती ना! नेमकेपणाच्या हौसेपायी तिनं अंडी झाकून ठेवली होती.

ती लिहीत गेली. खोडत गेली, पुन्हा लिहीत गेली. चाळीस पानांतलं एकही वाक्य तिला लागलं नाही. सावली ओट्यावर सरकून आली, तेव्हा तिनं मान वर केली आणि वाचून दाखवलं.

“‘हे साधन वापरलं की गेलेलं परत येत नाही. म्हणून नावावर विसंबू नकोस. वर्कफ्लो शेवटचा कधी चालला आणि त्यातून कुणापर्यंत काय पोचतं, ते आधी बघ. जो हल्ली चाललेला आहे, त्याला हात लावू नकोस. जो बरेच दिवस चाललेला नाही, तो आधी फक्त बंद कर. ज्यांच्यापर्यंत तो पोचत होता, त्यांना कळव आणि वाट बघ. कुणी बंद नको म्हटलं, तर पुन्हा चालू कर.’”

भन्ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटची ओळ तिनं मुद्दाम राखून ठेवली होती. ती त्यांच्याकडूनच शिकलेली होती, आणि आता गुरूला त्याचंच देणं परत करावं, तसा तिचा आवाज झाला.

“‘कुणीच काही बोललं नाही, तर मौन हा होकार समज आणि काढून टाक.’”

भन्तेंनी डोळे उघडले. मुरमाकडे पाहिलं. टिटवी अंड्यांवर निवांत बसली होती. चोच मिटलेली, आवाज नाही.

“टिटवी आता गप्प आहे,” ते म्हणाले. “जा. ते पाणी टाकून ये.”

उत्पला उठायला लागली… आणि अर्ध्यात थांबली.

बराच वेळ ती टिटवीकडे बघत राहिली. मग पुन्हा बसली आणि तिनं फोन उचलला. अनसूयाबाईंच्या सुनेचा नंबर तक्रारीच्या कागदांत पहिल्या दिवसापासून होता. कंपनीतल्या कुणीही तो लावला नव्हता. तिनं लावला.

आपण कोण, हे तिनं आधीच सांगून टाकलं. ती ओळ मीच लिहिली होती, असंही सांगितलं, आणि आता शिव्या बसणार म्हणून डोळे मिटून घेतले.  सून म्हणाली, की आत्याबाई बऱ्या आहेत. आज त्यांची पाळीच आहे, आत्ता मशीनवर आहेत आणि चहा अर्धाच कप का दिला म्हणून नर्सशी भांडतायत. मागून म्हातारीचा आवाजही आला. चांगला खणखणीत होता.

उत्पलाच्या छातीवरचा धोंडा जरा हलला. तिनं धीर करून विचारलं, की फोन आला नाही त्या दिवशी तुम्हाला काही वाटलं नव्हतं का?

“वाटलं ना, ताई,” सून म्हणाली. “आत्याबाई तर म्हणल्या पण, काहीतरी चुकलंय म्हणून. मी दोनदा उलटा फोन लावला. पण तो नंबर उलटा लागतच नाही. मग सांगायचं कुणाला?”

…

उत्पलानं फोन खाली ठेवला. मौन म्हणे होकार. दोन बायका त्या दिवशी घरात ओरडत होत्या, आणि तिच्या सॉफ्टवेअरच्या हिशेबी तिकडं सगळं शांत होतं.

संघात मौन होकार होतं, कारण तिथं सगळे एका छपराखाली बसलेले असतात. विचारलेलं प्रत्येकाच्या कानावर पडतं आणि प्रत्येकाला तोंड असतं. हे तिला भन्तेंनी लहानपणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि तिनं सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं होतं, देव जाणे.

तिनं शेवटची ओळ काढून टाकली. काढण्याआधी ती एकदा पूर्ण वाचली. तिच्या जागी लिहिलं, “उत्तर आलं नाही, तर निरोप पोचला नाही असं समज. बोलणारं माणूस शोध, आणि त्याला उलट बोलता येईल अशी वाट दे. माणूस सापडलं नाही, तर काढू नकोस. बंद ठेव आणि सांभाळ.”

मजकूर पुण्याला गेला. सोबत तिनं वरिष्ठांना चार ओळी लिहिल्या, की आपल्या आपोआप जाणाऱ्या फोनवर उलटा फोन लागला पाहिजे, ते होईपर्यंत हे साधन खुलं करू नये, आणि पहिली ओळ चुकीची होती, ती माझी होती.

जरा वेळानं उत्तर आलं. साधन आठवडाभर थांबवतोय, असं होतं. नव्या मजकुराबद्दल एकच प्रश्न होता, की हा चाळीस पानांवरून एका पानावर कसा आला?

तिनं तो प्रश्न वाचला आणि तिला हसू आलं. सकाळी आपण किती लिहायचं हे विचारत आलो होतो, याची तिला आठवण झाली. भन्तेंनी त्याचं उत्तर दिलंच नव्हतं, आणि तिनं पुन्हा विचारलंही नव्हतं.

केंद्रातली पाळी सुटायला अजून थोडा वेळ होता. चालत उतरलं तरी अनसूयाबाई मशीनवरून उठायच्या आत ती पोचली असती. येताना ज्या इमारतीकडे तिला बघवलं नव्हतं, तिच्याकडे आता तिनं नीट पाहिलं. दार कुठल्या बाजूला आहे, तेही पाहून ठेवलं.

ती उठली, भन्तेंना तीनदा वंदन केलं आणि पिशवी खांद्याला लावली. पायरी उतरताना पातेलं पायापाशी आलं. तांबूस पाणी अजून तसंच होतं, भाकरीचे तुकडे फुगून वर आले होते.

तिनं पातेलं उचललं. हिरवळीकडे पाहिलं, हौदाकडे पाहिलं, मुरमाकडे पाहिलं. मग मागं वळली.

“भन्तेजी, कुठं टाकू?”

भन्ते नंदिय पहिल्यांदाच हसले.

“आता कुठंही टाक. तू बघूनच टाकशील.”